बंगळुरूत पाणी किती अंशांना उकळतं?

आज एक सोपा प्रश्न घेऊ. पाणी किती अंश सेल्सिअसला उकळतं?

तुमच्यापैकी बहुतेकांनी मनातल्या मनात 'शंभर' म्हटलंसुद्धा असेल. सहावी-सातवीपासून हे उत्तर आपल्याला पाठ आहे. पण बंगळुरूच्या एखाद्या शाळेत नववीतल्या मुलीने चांगला थर्मामीटर घेऊन नीट मोजलं, तर तिला शंभर मिळणार नाही. तिला मिळेल ९७ च्या आसपास. ती कितीही वेळ उकळत ठेवो, गॅस कितीही मोठा करो, पारा ९७ च्या जवळपास अडून बसेल.

आता तिने प्रयोगवहीत काय लिहायचं? ९७ की १००?

आपण आज ज्याविषयी बोलणार आहोत ते सगळं या एका प्रश्नात आहे. हायस्कूलमध्ये विज्ञानाचे प्रयोग करून घ्यायला हवेत हे सगळेच म्हणतात. पण प्रयोग केला आणि शेवटी पुस्तकातलं उत्तर उतरवलं, तर मूल त्यातून काय शिकलं? 'डोळ्यांना दिसतं ते वहीत लिहायचं नसतं' एवढंच. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेपेक्षा हे वाईट. कारण प्रयोगशाळा नसेल तर मूल फक्त अजाण राहतं. इथे मात्र ते आकडे बनवायला शिकतं.

९७ का येतं?

आपल्या डोक्यावर हवेचा थर आहे आणि हवेला वजन आहे. समुद्रकाठी, म्हणजे मुंबईत किंवा पणजीत, प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण १ किलो ३० ग्रॅम वजनाची हवा उभी असते. नखाएवढ्या जागेवर एक किलो! बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचावर, दख्खनच्या पठारावर आहे. म्हणजे तिथे डोक्यावरचा हवेचा खांब ९२० मीटरने आखूड झाला. दर चौरस सेंटिमीटरला साधारण शंभर ग्रॅम ओझं कमी झालं. दाब जवळजवळ दहा टक्क्यांनी उतरला.

पाणी उकळतं म्हणजे काय होतं? पाण्याच्या आत वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि फुगून वर येतात. बाहेरची हवा त्यांना दाबून टाकायला बघत असते. आतल्या वाफेचा दाब बाहेरच्या दाबाइतका झाला की बुडबुडा टिकतो, आणि आपण म्हणतो पाणी उकळलं. बाहेरचा दाबच कमी असेल, तर वाफेला तेवढा जोर लावावा लागत नाही. मग पाणी कमी तापमानाला उकळतं. ढोबळ हिशेब असा, की दर तीनशे मीटर चढलं की उकळणबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. ९२० मीटरला तीन अंश. शंभरातून तीन गेले, ९७ उरले.

पुस्तक खोटं बोलत नाही बरं का. पुस्तकात 'प्रमाण दाबाला' असे दोन शब्द असतात. पाठ करताना ते गळून पडतात आणि शंभर तेवढा उरतो. ज्यांच्या नावाने आपण अंश मोजतो त्या अँडर्स सेल्सिअस यांना १७४२ मध्ये आपलं मोजमाप मांडतानाच ठाऊक होतं, की उकळणबिंदू हवेच्या दाबावर अवलंबून असतो. गंमत म्हणजे त्यांच्या मूळ मापात उकळणाऱ्या पाण्याला शून्य आणि गोठणाऱ्या पाण्याला शंभर होते. पुढे ते उलटवलं गेलं.

प्रयोग कसा करायचा

सामान फार लागत नाही. एक बीकर किंवा लहान पातेलं, लोखंडी स्टँड, गॅसची शेगडी किंवा स्पिरिटचा दिवा, आणि ११० अंशांपर्यंतचा प्रयोगशाळेतला थर्मामीटर. तापाचा थर्मामीटर यात चुकूनही घालायचा नाही, तो फुटेल. बीकरमध्ये मडक्याच्या खापरीचे दोन-तीन बारीक तुकडे टाका, म्हणजे पाणी उसळ्या मारणार नाही. थर्मामीटरचा फुगा पाण्यात बुडालेला हवा, पण बुडाला टेकता कामा नये. तळ पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो.

दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहा. आकडा चढत जाईल आणि एका जागी थांबेल. थांबल्यावरही निदान पाच मिनिटं नोंद चालू ठेवा. खाली जाळ आहे, उष्णता येते आहे, तरी आकडा हलत नाही. वर्गातली अर्धी मुलं इथेच चकित होतात. ती उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, हे सांगण्याआधी मुलांना विचारा, 'जाळ चालू आहे, मग उष्णता जाते कुठे?' आणि दोन मिनिटं गप्प राहा. हे गप्प राहणं शिक्षकाला सगळ्यात अवघड जातं.

आता वर्गातल्या पाच गटांची उत्तरं फळ्यावर लिहा. समजा ९७, ९६, ९७, ९८, ९७ अशी आली. शंभर कुणाचंच नाही. इथे 'आता ते शंभर समजून पुढे जा' असं म्हणू नका. खरा तास आता सुरू होतो. मुलांना संशयित शोधायला सांगा.

पहिला संशयित थर्मामीटर. तो चुकत असेल. मग तपासू या. स्वच्छ पाण्याच्या बर्फाचा चुरा करून त्यात थोडं पाणी घाला आणि थर्मामीटर बुडवून ठेवा. शून्य दाखवला तर त्या टोकाला तरी तो बरोबर आहे. एक दाखवला, तर एकाचा फरक ध्यानात घ्या. शाळेतल्या थर्मामीटरमध्ये एखाद्या अंशाची चूक सहज असते. म्हणून तर पाच गट.

दुसरा संशयित पाणी. 'सर, आमच्याकडे बोअरवेलचं पाणी आहे, क्षार असतात.' उत्तम शंका! पण विरघळलेल्या क्षारांनी उकळणबिंदू वाढतो, उतरत नाही. आणि वाढतो तरी किती? एक लिटर पाण्याला एका अंशाने चढवायचं तर त्यात साठ ग्रॅमच्या आसपास मीठ घालावं लागतं. असं पाणी कोण पिईल? म्हणजे हा संशयित सुटला. पाहिजे तर थर्मामीटरचा फुगा पाण्यातून काढून अगदी वर, वाफेत धरा. वाफेला क्षारांशी देणंघेणं नसतं.

तिसरा संशयित आपण स्वतः. आकडा तिरका वाचला का? डोळे पाऱ्याच्या पातळीत होते का? पुन्हा वाचा.

एकेक संशयित सुटत गेला की मागे उरते हवा. आता तिच्यावरचा आरोप सिद्ध करायचा. त्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारी मोठी सिरिंज आणा, सुई नको. एकदा उकळून साधारण पासष्ट-सत्तर अंशांपर्यंत निवलेलं थोडं पाणी तीत ओढा. आतली हवा बाहेर ढकला, तोंड रबरी बुचाने बंद करा आणि दट्ट्या जोरात मागे ओढा. पाणी सिरिंजमध्ये खळाखळा उकळेल. खाली ना दिवा, ना शेगडी. फक्त दाब कमी झाला. हा भाग शिक्षकाने स्वतः करावा, मुलांनी गोल करून बघावा, कारण पाणी चटका बसण्याइतकं गरम असतं.

हे एवढं झालं की मुलांना 'उकळणबिंदू बाहेरील दाबावर अवलंबून असतो' हे वाक्य पाठ करायला सांगावं लागत नाही. ती ते स्वतः म्हणतात.

प्रत्येक गावाचं आपलं उत्तर

आपले वाचक आणि श्रोते कुठे कुठे पसरले आहेत बघा. मुंबई-पुण्यात आहेत, बेळगावात आहेत, इंदूर-बडोद्यात आहेत, हैदराबादेत आणि बंगळुरूत आहेत, थेट तंजावरातही मराठी घरं आहेत. एकच प्रयोग सगळीकडे केला तर काय दिसेल? मुंबई, पणजी, बडोदा, तंजावर इथे जवळजवळ १००. नागपूर सुमारे ३१० मीटरवर, तिथे ९९. पुणे, इंदूर, हैदराबाद सगळी साडेपाचशे मीटरच्या आसपास, तिथे ९८ च्या थोडं वर. बेळगाव साडेसातशेच्या जवळ, तिथे साडेसत्त्याण्णव. बंगळुरूत ९७. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर, तिथे साडेपंच्याण्णवच्या आसपास. लेहमध्ये, साडेतीन हजार मीटरवर, ८८ च्या आसपासच उकळायला लागतं.

मुलांना सांगा, मामाच्या, मावशीच्या, आत्याच्या गावी फोन करा. तिथल्या भावंडांनी मोजलेला आकडा मागवा. आलेख काढा, आडव्या रेषेवर गावाची उंची आणि उभ्या रेषेवर उकळणबिंदू. ठिपके साधारण एका उतरत्या रेषेत बसतील. काही बसणार नाहीत. ते का बसले नाहीत याची चर्चा हाच पुढचा तास.

हा खेळ उलटाही खेळता येतो. पाणी किती अंशांना उकळलं यावरून आपण किती उंचावर आहोत ते काढता येतं. एकोणिसाव्या शतकात प्रवासी आणि सर्वेक्षण करणारे लोक डोंगरावर चढून पाणी उकळत आणि त्यावरून उंची मोजत. त्यासाठी खास थर्मामीटर असत. चार्ल्स डार्विन १८३५ मध्ये अँडीज पर्वत ओलांडत होता, तेव्हा रात्रभर आणि पुन्हा सकाळी उकळूनही बटाटे शिजेनात. त्याच्या सोबत्यांनी निष्कर्ष काढला की हे भांडंच मेलं बटाटे शिजवायला तयार नाही! डार्विनला कारण माहीत होतं. पाणी उकळत होतं, पण पुरेसं गरमच नव्हतं.

हीच गोष्ट आपल्या स्वयंपाकघरात होते. मुंबईहून बंगळुरूला नोकरीसाठी गेलेल्या कुणी उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजायला ठेवली, तर तिला जास्त वेळ लागतो. कुकरमध्ये हा फरक कमी होतो. कुकरची शिटी बाहेरच्या दाबापेक्षा साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर जास्त दाब झाला की उचलली जाते. त्यामुळे मुंबईत आत १२० अंशांच्या आसपास तापमान असतं, तर बंगळुरूत फक्त दीड-दोन अंश कमी. उघड्या पातेल्यात तीन अंशांचा फरक, कुकरमध्ये त्याच्या निम्म्यावर. आईच्या कुकरमध्ये दाबाचा अख्खा धडा बसलेला असतो.

एक सापळा मात्र सांगून ठेवतो. हुशार मुलं लगेच मोबाइल काढतील आणि म्हणतील, 'सर, हवामानाच्या अ‍ॅपमध्ये बंगळुरूचा दाब १०१२ दाखवतो, मुंबईचाही तेवढाच. मग फरक कुठे आहे?' अ‍ॅपमध्ये सहसा समुद्रसपाटीला रूपांतर करून दाब देतात, म्हणजे वेगवेगळ्या गावांच्या हवामानाची तुलना करता येते. बंगळुरूतला प्रत्यक्ष दाब ९१० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. काही मोबाइलमध्ये दाब मोजणारा सेन्सर असतो, तो खरा आकडा दाखवतो. छापलेला किंवा पडद्यावरचा आकडा नेमका कशाचा आहे हे विचारायची सवय इथे लागते. ही सवय आयुष्यभर उपयोगी पडते.

आणखी दोन प्रयोग, त्याच वाटेवरचे

पहिला पाण्याचाच. बंगळुरूला कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, जवळजवळ पाचशे मीटर वर चढवून आणतात. ते सगळ्यांना पुरत नाही, म्हणून अनेक वस्त्या बोअरवेलवर आणि टँकरवर चालतात. प्रत्येक मुलाने घरून एक बाटली पाणी आणावं. अंगाला लावायचा साधा साबण किसून पावसाच्या किंवा शुद्ध केलेल्या पाण्यात विरघळवा. डिटर्जंट नको, त्याने फरक कळत नाही. सारख्या बाटल्यांत सारखं पाणी घ्या, ड्रॉपरने साबणाचं पाणी थेंब थेंब टाका आणि हलवत राहा. मिनिटभर टिकणारा फेस यायला किती थेंब लागले? मऊ पाण्याला थोडे, कठीण पाण्याला खूप. मग तेच पाणी उकळून, गाळून, थंड करून पुन्हा मोजा. थेंब कमी झाले, तर त्यातला काही कठीणपणा तात्पुरता होता. ज्याच्या घरी गीझर लवकर खराब होतो, त्याला कारण सापडतं. इथेही पुस्तकात उत्तर नाही, कारण पुस्तक लिहिणाऱ्याने तुमचा नळ पाहिलेला नाही.

दुसऱ्याला तर काहीच खर्च नाही. जमिनीवर ओळंब्याने सरळ उभा केलेला एक पाइप. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या प्रत्येक गावी वर्षातून दोन दिवस सूर्य भरदुपारी अगदी डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. बंगळुरूत हे २४ एप्रिलच्या सुमारास, दुपारी १२ वाजून १७-१८ मिनिटांनी होतं, आणि पुन्हा १८ ऑगस्टच्या आसपास. मुंबईत मेच्या मध्याला, साडेबारा वाजून गेल्यावर. दिल्लीत कधीच नाही. मुलं विचारतात, 'बारा वाजताच का नाही?' हा प्रश्न आला की अक्षांश, रेखांश आणि भारतीय प्रमाणवेळ हे तिन्ही धडे एकदम जागे होतात.

हे आधी कुणी केलं आहे का?

केलं आहे, आणि आपल्या शेजारीच. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा माध्यमिक शाळांत असा विज्ञानाचा कार्यक्रम सुरू झाला. १९७८ मध्ये तो सगळ्या जिल्ह्यात गेला. सहावी ते आठवीच्या मुलांच्या हातात 'बाल वैज्ञानिक' नावाची पुस्तकं असत. त्यांत उत्तरं नसत, प्रयोग आणि प्रश्न असत. परीक्षेला पुस्तक आणि वही घेऊन बसायला परवानगी होती, कारण पाठांतर तपासायचंच नव्हतं. प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा असे. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला, पण त्याआधी तीस वर्षं साध्या सरकारी शाळांत तो चालून दाखवला होता.

त्या कामात सुरुवातीच्या दिवसांत पुण्याच्या टेल्कोतून रजा काढून गेलेला एक इंजिनिअर होता, अरविंद गुप्ता. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि काड्यापेटीच्या काड्या यांच्यापासून त्यांनी भूमितीचे आकार आणि रेणूंच्या रचना उभ्या केल्या. पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं काम केलं, आणि त्यांची कचऱ्यातून केलेली खेळणी सगळ्या जगात गेली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

बंगळुरूत १९९९ मध्ये अगस्त्य इंटरनॅशनल फाउंडेशन सुरू झालं. कुप्पमला त्यांचं मोठं केंद्र आहे, आणि त्यांच्या फिरत्या प्रयोगशाळा गाडीत सामान भरून खेड्यातल्या सरकारी शाळांत जातात. तिथले शिक्षक प्रयोग दाखवून थांबत नाहीत, सामान मुलांच्या हातात देतात. कस्तुरबा रोडवरच्या विश्वेश्वरय्या संग्रहालयातही मुलं यंत्रं हाताने फिरवून बघतात. म्हणजे साधनांची वाण आहे हे कारण आता फार काळ टिकणार नाही.

मग अडतं कुठे?

गुणांवर अडतं. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत 'बरोबर' उत्तराला गुण मिळतात आणि बरोबर उत्तर आधीच छापलेलं असतं. मुलं व्यवहारी असतात. ती आधी शेवटचा आकडा लिहितात आणि मग मागे मागे येत निरीक्षणं 'भरतात'. यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही.

यावर उपाय शिक्षकाच्या हातात आहे, आणि त्याला सरकारी आदेश लागत नाही. दहा गुणांचा प्रयोग असेल तर असं करून पाहा. तीन वेळा मोजून तिन्ही आकडे जसेच्या तसे लिहिले, तीन गुण. साधन कसं तपासलं ते लिहिलं, दोन गुण. आलेल्या उत्तरात चूक किती असू शकेल याचा अंदाज दिला, दोन गुण. पुस्तकापेक्षा उत्तर वेगळं आलं तर का, याचा एक तरी तपासता येईल असा तर्क दिला, तीन गुण. उत्तर शंभर आलं याला वेगळे गुण नाहीत. आणि बंगळुरूत ज्याच्या वहीत तिन्ही वेळा बरोबर १००.० लिहिलेलं असेल, त्याला प्रेमाने जवळ बोलवा आणि म्हणा, 'चल, माझ्यासमोर एकदा करून दाखव.'

घरी मूल असेल तर पालकांनीही एक करा. त्याची प्रयोगवही उघडा आणि एक आकडा निवडून विचारा, 'हा तू मोजलास की उतरवलास?' रागावू नका, फक्त विचारा. आणि मग दोघं मिळून शेगडीवर पातेलं ठेवा. तुमच्या गावाचा उकळणबिंदू किती येतो ते बघा.